नादेझ्दा पेत्रोविच: चित्रकार आणि युद्धातली परिचारिका, तुमचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये चित्रकला शिकवताना मी दरवर्षी इंटरमिजिएटच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना नादेझ्दा पेत्रोविचची चित्रं पडद्यावर दाखवते. त्यानंतर मेसेज येत राहतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, नाशिकरोडच्या प्रेसमधली माणसं विचारतात आणि देवळालीच्या लष्करी इस्पितळात नोकरी केलेल्या बायकाही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलेलं असेल तर तिकडे बोट दाखवलं आहे.

ही बाई नेमकी कोण? थोडक्यात सांगा.

सर्बियाची चित्रकार. 1873 साली चाचाक या गावात जन्मली, बेलग्रेडमध्ये वाढली आणि म्युनिक व पॅरिसमध्ये शिकली. 1912 पासून दोन बाल्कन युद्धांत आणि नंतर पहिल्या महायुद्धात तिने स्वयंसेवक परिचारिका म्हणून जखमींची सेवा केली. 3 एप्रिल 1915 रोजी वाल्येवोच्या लष्करी इस्पितळात टायफसने गेली. वय 41. सर्बियातल्या आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की पहिल्या नावांत तिचं नाव येतं.

तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण मृत्यूपासून सुरुवात करतात. माझी विनंती अशी की आधी चित्रं बघा. ती गेली कशी हे कळायला पाच मिनिटं लागतात, तिची चित्रं बघायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो.

घरात चित्रकला होती का? की एकटीच वेगळी निघाली?

घरात होती. वडील दिमित्रिये शिकवायचे, चित्रं जमवायचे, पुढे कर खात्यात नोकरीला लागले. आई मिलेवा शाळेत शिक्षिका. भावंडांचा मोठा गोतावळा आणि ही त्यात सगळ्यात थोरली. धाकटा भाऊ रास्त्को तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. पुढे तो सर्बियाचा नावाजलेला कवी आणि राजनैतिक अधिकारी झाला.

बेलग्रेडमध्ये मुलींची उच्च शाळा पूर्ण करून ती स्वतः चित्रकला शिकवू लागली. पुढे शिकायचं तर देशाबाहेर जाणं भाग होतं. 1898 साली शिष्यवृत्ती मिळाली आणि ती म्युनिकला गेली.

म्युनिकच का? तेव्हा सगळे पॅरिसला जात नव्हते का?

मध्य युरोपातल्या आणि बाल्कनमधल्या मुलांना म्युनिक जवळचं होतं. तिथल्या सरकारी कला अकादमीत मात्र बायकांना त्या काळी प्रवेशच नव्हता, म्हणून बायका खासगी वर्गांत जायच्या. नादेझ्दा आंतोन आझ्बे या स्लोव्हेनियन गुरूच्या वर्गात बसली. व्हासिली कांडिन्स्की आणि अलेक्सेई याव्लेन्स्की त्याच वर्गाचे विद्यार्थी. पुढे ती म्युनिकमधल्याच युलियुस एक्स्टरकडेही शिकली.

आझ्बेच्या शिकवण्यातल्या दोन गोष्टी चित्रकलेच्या मुलांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली: डोकं काढताना आधी गोल चेंडू बघायचा, उजेड कुठून येतो आणि कुठे मावळतो ते त्या गोलावर बघायचं, नाक-डोळे नंतर. दुसरी: रंग पॅलेटवर कालवून कालवून मळवायचे नाहीत. रुंद ब्रशने शुद्ध रंग एकमेकांशेजारी ठेवायचे, एकत्र करायचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो. नादेझ्दाच्या 1900 सालच्या ‘हॅटवाला बव्हेरियन’मध्ये हा धडा उघड दिसतो. चेहऱ्याला बाह्यरेषा जवळजवळ नाही, जाड फटकाऱ्यांनीच तो उभा केला आहे.

लोकांनी तिची थट्टा केली असं तुम्ही म्हणालात. कशाबद्दल?

1900 साली तिने बेलग्रेडमध्ये स्वतःचं पहिलं प्रदर्शन भरवलं. तिथल्या रसिकांना गुळगुळीत, नीट रेखलेली, अकादमी पद्धतीची चित्रं ठाऊक होती. त्यांच्यासमोर आली लालभडक माती, जांभळ्या सावल्या आणि हिरवट चेहरे. समीक्षकांनी टर उडवली. त्यात ती बाई, म्हणजे अजूनच सोपं.

तिने रंग सौम्य केले नाहीत. 1903 नंतर बेलग्रेडजवळच्या रेस्निक गावात काढलेल्या चित्रांत लाल अधिकच वाढला. रेस्निकमधल्या शेतकऱ्यांकडे आणि वाटांकडे बघितलं की जमीन आतून तापल्यासारखी दिसते. मला तिचा हा काळ फार आवडतो आणि वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते.

लग्न केलं होतं का?

नाही. एका सरकारी नोकरदाराशी ठरलं होतं. मुलाच्या आईने भरमसाट हुंडा मागितला आणि ते मोडलं. हे सांगितलं की आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघतात, पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

ती फक्त चित्रं काढायची की समाजकार्यही करायची?

दोन्ही, आणि दोन्ही एकाच दमात. 1903 च्या उन्हाळ्यात मॅसेडोनियात तुर्की राजवटीविरुद्ध इलिंदेनचा उठाव झाला, तो चिरडला गेला आणि गावंच्या गावं उघड्यावर आली. त्याच ऑगस्टमध्ये बेलग्रेडच्या बायकांनी ‘सर्बियन भगिनी मंडळ’ उभं केलं. ते स्थापणाऱ्यांत नादेझ्दा होती. मदतीचं सामान घेऊन ती स्वतः त्या भागात गेली. 1908 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया गिळला, तेव्हा बेलग्रेडच्या निषेध सभेत ती बोललीही.

त्याच वर्षांत चित्रकारांसाठीची तिची धावपळ चालू होती. 1904 मध्ये बेलग्रेडला पहिलं युगोस्लाव्ह कलाप्रदर्शन भरलं. तेव्हा युगोस्लाव्हिया नावाचा देश नव्हता, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन आणि बल्गेरियन चित्रकार एका छताखाली आले होते. ते जुळवून आणणाऱ्यांत ती होती. 1905 मध्ये निश शहराजवळच्या सिचेवो गावात तिने चित्रकारांना जमवलं, नदीच्या खिंडीत राहून उघड्यावर रंगवायला. आपल्याकडे रविवारी सकाळी गोदाघाटावर बोर्ड मांडून बसणारी मंडळी असतात, त्यांना यातलं सुख सांगायला नको. सिचेवोची ती वसाहत बाल्कनमधली पहिली कलावसाहत म्हणून ओळखली जाते.

पॅरिसला कधी गेली?

1910 मध्ये. तिथे मूर्तिकार इव्हान मेश्त्रोविच याचा स्टुडिओ होता, त्याच्याकडे तिने काम केलं. पॅरिसच्या शरद प्रदर्शनात तिची चित्रं लागली. सीन नदीवरचे पूल आणि नोत्र दाम ही त्या मुक्कामातली. 1911 मध्ये वडील गेल्याची बातमी आली आणि ती परतली.

ती नेमक्या कोणत्या युद्धांत होती? बाल्कन युद्धं म्हणजेच पहिलं महायुद्ध ना?

नाही, ही वेगवेगळी आहेत. शाळेत आपण थेट 1914 वर उडी मारतो म्हणून गोंधळ होतो.

ऑक्टोबर 1912 मध्ये सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो यांनी मिळून ऑटोमन तुर्कांशी युद्ध केलं. ते पहिलं बाल्कन युद्ध. जिंकलेल्या मुलखाच्या वाटणीवरून 1913 च्या उन्हाळ्यात बल्गेरिया बाकीच्यांवर उलटला, ते दुसरं. नादेझ्दा दोन्हींत होती. 1913 मध्ये तिला शौर्यपदक आणि रेड क्रॉसचा सन्मान मिळाला. आजारही तिथेच गाठीला आले, टायफस आणि कॉलरा. त्यातून ती उठली.

28 जुलै 1914 ला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा ती इटलीत होती. सुरक्षित होती आणि राहू शकली असती. ती लगेच बेलग्रेडला परतली. सप्टेंबरमध्ये द्रिना नदीजवळच्या डोंगरांत माच्कोव्ह कामेनची भयंकर लढाई झाली, तिथल्या जखमींची तिने सेवा केली. नंतर वाल्येवो.

नर्सिंगचं शिक्षण नव्हतं, मग तिला घेतलं कसं?

त्या काळच्या सर्बियात शिकलेल्या परिचारिका अगदी मोजक्या होत्या. भगिनी मंडळाने (वर त्याच्याबद्दल लिहिलं आहे) बायकांसाठी शुश्रूषेचे वर्ग चालवले आणि मंडळाच्या स्वयंसेविका इस्पितळांत उभ्या राहिल्या. मलमपट्टी, पाणी, अंग पुसणं, मळलेले कपडे उकळणं, रात्रीचा पहारा अशी ती कामं. देवळालीच्या एका निवृत्त परिचारिकेने मला लिहिलं की यातलं अंग पुसणं सगळ्यात अवघड, कारण तेव्हा माणूस तुमच्याशी बोलतो. हे मी आता प्रत्येक वर्गात सांगते.

म्हणजे ती सैन्याची अधिकृत युद्धचित्रकार होती?

नाही. ती तिथे परिचारिका म्हणूनच होती. चित्रं तिने कामातून सुटका मिळेल तशी काढली. म्हणून त्यांत सेनापती नाहीत, घोडदळाची चढाई नाही आणि विजयाचे देखावेही नाहीत.

मग युद्धात तिने काढलं तरी काय?

माझ्या मते तिचं सगळ्यात मोकळं काम याच काळातलं. 1913 मध्ये ती कोसोव्होतल्या प्रिझरेन शहरात होती. तिथलं जुनं दगडी कारंजं, शहराची छपरं आणि ‘वजीराचा पूल’ ही चित्रं तेव्हाची. याच वर्षी तिने कोसोव्होच्या मैदानावरची रानटी लाल पिओनीची फुलं आणि चौदाव्या शतकातला ग्राचानित्सा मठ रंगवला. 1389 च्या कोसोव्होच्या लढाईत सांडलेल्या रक्तातून ही फुलं उगवली अशी तिथली लोककथा आहे. तिची फुलं जवळून बघा. पाकळी एकही नाही, लाल रंगाचे घट्ट ठिपके आहेत, ब्रश दाबून उचललेले. चार पावलं मागे सरलात की फुलं दिसू लागतात.

तिने फोटोही काढले होते का?

हो. बाल्कन युद्धाच्या काळात तिच्याजवळ कॅमेरा होता आणि तिने सैनिक व इस्पितळं टिपली. सर्बियातल्या सुरुवातीच्या युद्धछायाचित्रकार स्त्रियांत तिला गणतात.

टायफस म्हणजे टायफॉइडच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

टायफॉइड, म्हणजे आपला विषमज्वर, दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो. साथीचा टायफस अंगावरच्या उवांमुळे होतो. केसांतल्या उवा वेगळ्या. या कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि रक्त प्यायला अंगावर येतात. आजाऱ्याचा ताप चढला की त्याला सोडून शेजारच्या अंगावर जातात. ट्यूनिसमध्ये काम करणाऱ्या शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरने 1909 मध्ये हे सिद्ध केलं, त्याला त्याबद्दल 1928 चं नोबेल मिळालं. म्हणजे 1915 मध्ये कारण माहीत होतं. औषध मात्र नव्हतं, अँटिबायोटिक्स यायला बरीच वर्षं होती.

आता वाल्येवोकडे या. 1914 च्या डिसेंबरात कोलुबाराच्या लढाईत सर्बियाने ऑस्ट्रियाचं सैन्य मागे रेटलं. मागे राहिले हजारो जखमी, हजारो युद्धकैदी आणि मोडकळीला आलेलं एक लहान शहर. शाळा, खानावळी, घरं, सगळी इस्पितळं झाली. माणसं गवतावर दाटीवाटीने पडलेली, कपडे बदलायला नाहीत, साबण नाही, कडाक्याची थंडी. उवांना याहून चांगली जागा मिळणार नव्हती. त्या साथीत सर्बियात साधारण दीड लाख माणसं गेली असं सांगतात. देशात 400 च्या आसपास डॉक्टर होते, त्यांतले 100 हून जास्त दगावले. बाहेरून मदतीला आलेलेही होते. वाल्येवोत डच डॉक्टर आरियुस फान टिनहोवन होते. रक्तगट आईवडिलांकडून येतात हे दाखवणाऱ्यांपैकी एक असलेले लुडविक हिर्शफेल्डही तिथे काम करत होते.

उपाय अखेर साधा निघाला. ब्रिटिश वैद्यकीय पथकाने मोठं लाकडी पिंप घेतलं, बुडाला भोकं पाडली आणि ते उकळत्या पाण्याच्या कढईवर ठेवलं. आत कपडे टांगले, वर जड झाकण घातलं. तासाभराच्या वाफेत उवा आणि लिखा दोन्ही मरायच्या. कुठल्याही खेड्यात उभं करता येईल असं हे यंत्र. पुढे जगभर ते ‘सर्बियन पिंप’ म्हणून ओळखलं गेलं. साथ 1915 च्या वसंतात ओसरू लागली. पथक आलं मार्चमध्ये आणि नादेझ्दा गेली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

एकदा टायफस होऊन गेला की पुन्हा होत नाही म्हणतात. मग तिला पुन्हा कसा झाला?

बऱ्या झालेल्या माणसाला बहुधा दीर्घकाळ संरक्षण मिळतं, हे खरं. पण ते पूर्ण नसतं. उपासमार, थकवा आणि सततचा संसर्ग यांत ते तोकडं पडू शकतं. शिवाय 1913 मधलं निदान आजच्यासारख्या रक्ततपासणीवर झालेलं नव्हतं. त्या काळी वेगवेगळे ताप एकमेकांत मिसळून जायचे.

तिचं शेवटचं चित्र कोणतं?

‘वाल्येवोचं इस्पितळ’, 1915. पांढरे तंबू आणि भोवती पेटलेले रंग. आत काय चाललं होतं ते वरच्या उत्तरात वाचलंत. चित्रात त्यातलं काहीच उघड दाखवलेलं नाही, ना जखम, ना बिछाना. मुलं विचारतात की तिने दुःख का नाही काढलं. मी त्यांना तंबूंच्या पांढऱ्या रंगाकडे बघायला सांगते. तो कुठेही सरळ पांढरा नाही, त्यात शेजारचे सगळे रंग शिरलेले आहेत. ज्या बाईने रात्रभर त्या कापडाच्या आत काम केलं तिने ते दिवसाच्या उजेडात बाहेरून, इतकं बारकाईने पाहिलं, हे मला पुरेसं वाटतं.

आपल्याकडे असं कोणी झालं का?

साथीत सेवा करता करता गेलेल्या म्हणून पहिलं नाव सावित्रीबाई फुल्यांचं. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. चित्रकार म्हणून लोक अमृता शेर-गिलचं नाव घेतात. दोघींनी पॅरिस पाहिलं, दोघींनी गावची माणसं ठळक रंगांत रंगवली, दोघी अकाली गेल्या. साम्य इथपर्यंतच. अमृताने युद्धसेवा केलेली नाही आणि तिची आकृती शांत, बसलेली असते. नादेझ्दाचा ब्रश घाईत असतो.

ती राष्ट्रवादी होती का? मुलांना हे कसं सांगायचं?

होती, आणि ते लपवू नये. सर्ब लोकांची मुक्ती आणि दक्षिण स्लाव्हांची, म्हणजे सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन अशा लोकांची, एकी हे तिचं ध्येय होतं आणि बाल्कन युद्धं तिला मुक्तीची युद्धं वाटत होती. पण ज्या मुलखात ती फिरली तिथे अल्बानियन, तुर्क आणि बल्गेरियन लोकही राहत होते. त्यांच्यासाठी तीच युद्धं घरं जळण्याची होती. कोसोव्होवरून आजही वाद आहे. मी मोठ्या मुलांना दोन्ही बाजू सांगते आणि मग प्रिझरेनची चित्रं दाखवते. तिने आवडीने रंगवलेलं ते कारंजं आणि तो पूल ऑटोमन काळाची आठवण आहेत, हेही त्यांना दिसायला हवं.

तिचं चित्र नोटेवर आहे म्हणतात, खरं का?

खरं. सर्बियाच्या 200 दिनारच्या नोटेवर तिचा चेहरा आहे आणि मागच्या बाजूला ग्राचानित्सा मठ. हा प्रश्न नाशिकरोडहून येणारच! ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नोटा छापणारी घरं आहेत तिथली माणसं नोट हातात आली की आधी छपाई बघतात, मग किंमत. चित्रकार बाई नोटेवर असणं जगात फार ठिकाणी दिसत नाही.

मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

बेलग्रेडच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिची पुष्कळ चित्रं आहेत. जन्मगावी, चाचाकमध्ये तिच्या नावाचं कलादालन आहे आणि 1960 पासून तिथे तिच्या स्मरणार्थ कलाप्रदर्शनं भरतात.

मुलीला प्रोजेक्टसाठी तिच्या चित्राची नक्कल करायची आहे. चालेल का?

खुशाल. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, तिचा कधीच संपला. नकलेखाली तिचं नाव आणि मूळ चित्राचं साल लिहायला सांगा.

पोस्टर कलर चालतील, पण पाणी कमी घ्या. सावलीला काळा वापरू नका, जांभळा किंवा गडद हिरवा घ्या. रुंद चपटा ब्रश घ्या आणि एकदा मारलेल्या फटकाऱ्यावर पुन्हा फिरवू नका. सुरुवात रेस्निकच्या एखाद्या निसर्गचित्रापासून करा, माणसांचे चेहरे नंतर.

काही ठिकाणी तिची पुण्यतिथी 21 मार्च लिहिलेली आहे. कोणती खरी?

दोन्ही एकाच दिवसाच्या तारखा आहेत. सर्बियात 1919 पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि 1915 मध्ये ते आपल्या कॅलेंडरच्या 13 दिवस मागे होतं. तिथला 21 मार्च म्हणजे आपला 3 एप्रिल. जन्मतारखेचंही असंच: जुनी 30 सप्टेंबर 1873, नवी 12 ऑक्टोबर. एकोणिसाव्या शतकात फरक 12 दिवसांचा होता, म्हणून हिशेब करताना 13 धरू नका. काही ठिकाणी 11 ऑक्टोबरही छापलेलं सापडेल. प्रोजेक्टच्या वहीत 12 ऑक्टोबर 1873 आणि 3 एप्रिल 1915 लिहा, आणि कंसात ‘नवीन कॅलेंडरनुसार’.